कॅमेऱ्याच्या डायलवरचे आकडे नेमके कधी गेले?

‘जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर आकड्यांच्या डायल्स होत्या. मग डिजिटल आलं आणि त्यांची जागा बटणांनी आणि मेनूंनी घेतली.’ फोटोग्राफीची थोडीफार आवड असलेल्या कुणालाही विचारा, साधारण हेच ऐकायला मिळतं. ऐकायला इतकं सरळ वाटतं, की तपासून बघावं असं मनातही येत नाही. आजचा लेख या एका विधानाबद्दल आहे. तारखा लावून बघितल्या की ते टिकत नाही. आणि ते का टिकत नाही हे शोधताना वस्तूंच्या इतिहासावर काम कसं करायचं, याचे काही धडे हाताला लागतात. पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींना कॅमेऱ्यात रस नसला तरी हरकत नाही. कॅमेऱ्याच्या जागी तुमची वस्तू ठेवून वाचा.

आधी थोडी तोंडओळख

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरतं. शटर किती वेळ उघडं राहतं (शटर स्पीड), लेन्समधलं छिद्र किती मोठं आहे (अपर्चर), आणि फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील धरायचा (आयएसओ). तिन्हींचं माप ‘स्टॉप’मध्ये होतं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेलं की प्रकाश निम्मा झाला, म्हणजे एक स्टॉप कमी झाला.

आता कॅमेऱ्याच्या डोक्यावरची शटरची डायल डोळ्यांसमोर आणा. कडेला खाचा आणि वर कोरलेले आकडे. ही डायल एकाच वेळी दोन कामं करते. एक, ती फिरवून आपण मूल्य बदलतो. दोन, तिच्याकडे बघून आत्ता मूल्य किती आहे ते कळतं. सोयीसाठी या कामांना ‘बदलणं’ आणि ‘दाखवणं’ म्हणू. पुढचा सगळा इतिहास ही दोन कामं एकत्र कशी आली, वेगळी कशी झाली आणि पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न झाला तेव्हा काय अडलं, याचा आहे.

लायका: आकडा आणि यंत्र एकाच दांड्यावर

१९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकापासून सुरुवात करू. तिची शटरची डायल आतल्या यंत्रणेला थेट जोडलेली होती. फिल्म पुढे सरकवताना आणि फोटो काढताना डायल स्वतःही फिरायची. म्हणून आकडा नीट वाचायचा तर आधी फिल्म पुढे घ्यायची, मग डायल उचलून हव्या त्या खुणेवर बसवायची. फोटो निघताना बोट डायलला अडलं तर शटरच्या गतीत गडबड व्हायची. पुढे १९३३ मध्ये लायका ३ आली, तेव्हा संथ वेगांसाठी कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला दुसरी छोटी डायल द्यावी लागली. म्हणजे एकच शटर, पण त्याचा वेग दोन ठिकाणी वाचायचा.

१९५४ च्या लायका एम३ ने हे सगळं एका डायलवर आणलं. एका सेकंदापासून १/१००० पर्यंतचे वेग एकाच चकतीवर आले आणि फोटो काढताना ती चकती स्थिर राहू लागली. आज ज्याला आपण ‘क्लासिक डायल’ म्हणतो ती ही. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आकड्यांची डायल ‘पूर्वीपासून होतीच’ असं आपण म्हणतो, पण तिचं सोपं रूप यायला जवळपास तीस वर्षं लागली. जिला आपण मूळ म्हणून धरतो तीसुद्धा एका प्रक्रियेच्या शेवटी आलेली असते.

आयएसओची डायल उचलून का फिरवायची?

फिल्मच्या काळात आयएसओ हे दर फोटोला बदलण्याचं मूल्यच नव्हतं. रोल घातला की तो संपेपर्यंत फिल्मची संवेदनशीलता तीच. कॅमेऱ्यावरचा आकडा फिल्मला काही करत नसे. आत कोणती फिल्म आहे हे तो फक्त प्रकाशमापकाला सांगायचा. चुकून हलला तर मात्र मापकाचा हिशोब चुकायचा आणि ते लक्षात येईपर्यंत सगळा रोल गेलेला असायचा. म्हणून हा आकडा मुद्दामच पटकन हलणार नाही असा ठेवला जाई. निकॉन एफएमसारख्या (१९७७) कॅमेऱ्यात शटरच्या डायलची बाहेरची कडा वर उचलून फिरवली की मगच तो बदलायचा.

ही उचलून फिरवायची सवय ध्यानात ठेवा. पुढे ती परत येते, पण तोवर तिच्यामागचं कारण नाहीसं झालेलं असतं.

१९७८ ते १९८९: आकडे इथं गेले

आता मुख्य मुद्दा. १९७८ मध्ये कॅननचा ए-१ आला. शटर आणि अपर्चर दोन्ही कॅमेऱ्यानेच ठरवायचे, असा पूर्ण ‘प्रोग्रॅम’ मोड त्यात होता. त्याची डायल फार बोलकी आहे. शटरच्या बटणाजवळ बोटाने फिरवायचं एक चाक, आणि शेजारी एक खिडकी. शटर आपण ठरवणार असू तर खिडकीत शटरचे आकडे, अपर्चर ठरवणार असू तर अपर्चरचे. चाक एक, कामं दोन. आकडे अजून छापलेलेच आहेत, पण एका चाकाचा एकच अर्थ हा नियम इथं मोडला.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. त्यावर शटरची आकडे कोरलेली डायलच नाही. बटणं दाबून मूल्य वरखाली करायचं आणि एलसीडीवर वाचायचं. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, कॅनन टी९० आला. त्याच्या आकाराला जर्मन डिझायनर लुइजी कोलानी यांचा हात लागला होता. शटरच्या बटणामागे तर्जनीला सहज सापडेल असं एक चाक, त्यावर एकही आकडा नाही. कोणतं मूल्य बदलायचं ते बटणाने निवडा, चाक फिरवा, आकडा एलसीडीवर बघा. हेच चाक १९८७ च्या ईओएस ६५० मध्ये गेलं. १९८९ च्या ईओएस-१ मध्ये पाठीमागे अंगठ्यासाठी दुसरं मोठं चाक आलं. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांवर जी दोन बिनआकड्यांची चाकं दिसतात, ती मांडणी इथं तयार झाली.

हे सगळे फिल्म कॅमेरे होते.

आता दुसरी बाजू बघा. १९९१ मध्ये कोडॅकने डीसीएस विकायला काढला. बाजारात आलेला हा पहिला डिजिटल एसएलआर. १.३ मेगापिक्सेल, आणि फोटो साठवायला खांद्याला लटकवायची वेगळी पेटी, तिच्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. पण कॅमेरा कोणता? निकॉन एफ३, म्हणजे १९८० चं मॉडेल, ज्याच्यावर आकडे कोरलेली शटरची डायल होती. म्हणजे डिजिटलची सुरुवात झाली ती जुन्या डायलसकट, आणि बिनआकड्यांचं चाक त्याच्या आधीच फिल्मच्या दुनियेत स्थिरावलं होतं.

मग कारण काय? माझ्या मते ‘डिजिटल’पेक्षा ‘इलेक्ट्रॉनिक नियंत्रण’ हे उत्तर जास्त नेमकं आहे. यांत्रिक शटरमध्ये डायलची जागा हेच मूल्य असतं. शटर सर्किटने चालू लागलं की मूल्य सर्किटमध्ये राहायला जातं आणि डायल फक्त निरोप्या उरते. त्यात प्रोग्रॅम मोडमध्ये कॅमेरा स्वतःच शटर ठरवायला लागला, तेव्हा कोरलेल्या आकड्याने दाखवायचं तरी काय? ‘दाखवणं’ पडद्यावर गेलं ते या अडचणीतून.

तरीही हा बदल सरळ रेषेत झाला असं समजू नका. ईओएस ६५० नंतर एका वर्षाने, १९८८ मध्ये, निकॉनने एफ४ काढला. ऑटोफोकसवाला, व्यावसायिकांसाठीचा कॅमेरा, पण डायल्स सगळ्या आकड्यांच्या. निकॉनचा हा सर्वांत वरचा फिल्म कॅमेरा कमांड डायलवर आला तो १९९६ च्या एफ५ मध्ये. पुढे १९९९ च्या डिजिटल डी१ ने तीच मांडणी उचलली. दोन मोठ्या कंपन्या एकाच काळात दोन उलट दिशांना चालल्या होत्या. ‘तंत्रज्ञान बदललं म्हणून डिझाइन बदललं’ हे वाक्य लिहिण्याआधी असा एफ४ कुठं लपलेला नाही ना, ते बघायला हवं.

बिनआकड्यांच्या चाकाने काय दिलं?

या बदलाकडे ‘ऱ्हास’ म्हणून बघणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एक वेगळा धागा. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि आर. ई. जोन्स यांनी अमेरिकी वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास मांडला. या चुकांना तोवर ‘पायलटची चूक’ म्हणत. त्यांनी दाखवलं की त्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ कॉकपिटमधल्या दांड्यांच्या आणि खटक्यांच्या मांडणीत होतं. त्याच सुमाराचं आल्फोन्स चॅपानिस यांचं काम प्रसिद्ध आहे. बी-१७ विमानात चाकं आत घेण्याचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते. उपाय असा निघाला, की एकाची मूठ चाकाच्या आकाराची करायची आणि दुसऱ्याची पाचरीसारखी. डोळे दुसरीकडे असले तरी हाताला फरक कळावा.

कॅमेऱ्याचंही हेच आहे. फोटो काढताना डोळा व्ह्यूफाइंडरला असतो, त्यामुळे डोक्यावरचा कोरलेला आकडा त्या क्षणी दिसतच नाही. एक चाक तर्जनीखाली, दुसरं अंगठ्याखाली, पकड न सोडता दोन्ही फिरतात आणि आकडा व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतो. वेगळेपणा आकारातून येत नाही, जागेतून येतो. प्रत्येक टप्प्याला बोटाला ‘टक्’ जाणवतं, त्यामुळे किती घरं फिरवलं तेही मोजता येतं.

हे बोटाला जाणवणं किती महत्त्वाचं आहे याचं उदाहरण अलीकडचं आहे. कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये अंगठ्याजवळ सपाट स्पर्शपट्टी दिली. २०२० मध्ये आलेल्या आर५ आणि आर६ मधून ती काढून टाकली. चाकं राहिली.

तोटाही मान्य करायला हवा. कॅमेरा बंद असताना बिनआकड्यांचं चाक काहीच सांगत नाही. आकड्यांची डायल मात्र पिशवीतून काढतानाच सांगते, की शटर १/२५० वर आहे. तयारी आधीच करून ठेवणाऱ्यासाठी हा फरक छोटा नाही.

परत आलेल्या डायल्स

२००४ मध्ये एप्सनने आर-डी१ काढला. डिजिटल कॅमेरा, पण शटर ताणायचा खटका ठेवलेला, आणि बॅटरी किती, फोटो किती शिल्लक हे घड्याळासारख्या काट्यांनी दाखवणारा. डायलच्या परतीला खरा जोर मिळाला तो फुजीफिल्मच्या एक्स१०० मुळे. २०१० मध्ये तो जाहीर झाला आणि २०११ मध्ये दुकानात आला. शटरची डायल वर, अपर्चरचं कडं लेन्सवर, आणि दोन्हींवर एक ‘ए’ खूण. दोन्ही ‘ए’ वर ठेवले की सगळं कॅमेरा ठरवणार. एकच ‘ए’ वर ठेवला तर तेवढंच तो ठरवणार. वेगळी मोड डायल लागतच नाही, कारण मोड दोन डायल्सच्या जागेवरूनच कळतो. याला नुसती जुन्याची नक्कल म्हणून चालणार नाही. मोड हा उपयोगक्षमतेतला जुना त्रास आहे, आणि तो इथं डोळ्यांना दिसेल असा करून सोडवला आहे.

पण परतीत तीन जागी अडलं.

पहिली जागा: पाव-आण्याचा हिशोब. डायलवर आकडे पूर्ण स्टॉपचे, १/६०, १/१२५, १/२५०. डिजिटल कॅमेरा मात्र तृतीयांश स्टॉपमध्ये चालतो. मग मधलं मूल्य पाठीमागच्या बिनआकड्यांच्या चाकाने लावायचं. डायल म्हणते १/१२५, प्रत्यक्षात शटर १/१६०. निकॉनने २०१३ च्या डीएफमध्ये हा पेच उघडच मान्य केला. शटरच्या डायलवर ‘१/३ स्टेप’ अशी एक जागा दिली. तिथं ठेवलं की डायल बाजूला होते आणि सगळं काम चाकाकडे जातं.

दुसरी जागा: कुलूप. डीएफवर आयएसओची डायल आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची डायल डाव्या बाजूला, दोन्हींना कुलपाचं बटण. फिल्मच्या दिवसांत आयएसओला कुलूप योग्य होतं. पण डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलतो, आणि इथं तो बदलायला लेन्सखालचा डावा हात काढावा लागतो. फुजीफिल्मने एक्स-टी१ मध्ये (२०१४) डायलच्या मधलं बटण दाबून धरून फिरवायला लावलं. एक्स-टी२ मध्ये (२०१६) ते बॉलपेनसारखं केलं, एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की मोकळं. कुलूप लावायचं की नाही हे ठरवणं वापरणाऱ्यावर सोपवलं. बदल छोटासा, पण एका जुन्या सवयीमागचं कारण संपलंय हे कुणीतरी ओळखल्याची ती खूण आहे.

तिसरी जागा सगळ्यात अवघड: डायल स्वतः फिरू शकत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात आपण सेटिंग्जचे संच साठवून ठेवतो, एक पळत्या मुलांसाठी, एक रात्रीच्या रस्त्यासाठी. संच बदलला की शटर, आयएसओ सगळं एकदम बदलायला हवं. बिनआकड्यांच्या चाकाला यात अडचण नाही. कोरलेला आकडा मात्र जागेवरच राहतो, आणि मग एकतर संच अपुरा लागू होतो किंवा डायल खोटं दाखवते.

याचा सर्वांत चांगला पुरावा एकाच कंपनीने, एकाच वर्षी दिला. २०२२ मध्ये फुजीफिल्मने एक्स-एच२ आणि एक्स-टी५ काढले. दोघांत तोच ४० मेगापिक्सेलचा सेन्सर. एक्स-टी५ वर आकड्यांच्या डायल्स. एक्स-एच२ वर मोड डायल, तिच्यावर साठवलेल्या संचांसाठी सी१ ते सी७ अशा जागा, बिनआकड्यांची चाकं, आणि वर मूल्यं दाखवणारा छोटा पडदा. याच मालिकेतल्या आधीच्या एक्स-एच१ वर (२०१८) आकड्यांच्या डायल्स होत्या. म्हणजे एका मालिकेत आकडे गेले आणि दुसरीत राहिले, तेही तंत्रज्ञान तेच असताना. इथं ‘नॉस्टॅल्जिया’ हे एकच कारण पुरत नाही, ‘प्रगती’ हेही नाही. कोणत्या कामासाठी कोणती मांडणी, हा प्रश्न अजून उघडा आहे असंच यातून दिसतं.

यातून संशोधनासाठी काय घ्यायचं?

पहिलं, कारणाआधी कालक्रम. ‘अमुक आलं म्हणून तमुक गेलं’ असं वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल तर दोन्हींच्या तारखा एका कागदावर लिहा. तमुक आधीच गेलेलं असेल तर तुमच्या हाती नवा प्रश्न आला आहे. घाबरू नका, उलट गाइडना आधी तोच दाखवा.

दुसरं, नाव सोडा आणि काम धरा. ‘डायलचा इतिहास’ म्हणून सुरुवात केली तर डायल आहे की नाही एवढंच नोंदवत बसाल. ‘बदलणं’ आणि ‘दाखवणं’ अशी विभागणी केली की ए-१ ची खिडकी, टी९० चा एलसीडी आणि डीएफची ‘१/३ स्टेप’ या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसतात. विश्लेषणाची चौकट म्हणतात ती हीच. ती पुस्तकातून उचलायची नसते, वस्तूंकडे पुन्हापुन्हा बघून घडवायची असते. पुस्तकं नंतर ती तासून देतात.

तिसरं, साधनं. जाहिरात आणि कॅटलॉग सांगतात कंपनीला काय विकायचं होतं. मॅन्युअल सांगतं वापरणारा कुठं चुकेल असं कंपनीला वाटत होतं, म्हणून त्यातल्या ‘लक्ष द्या’ छापाच्या सूचना काळजीपूर्वक वाचा. पेटंट सांगतं कोणती अडचण सोडवायची होती. आणि वस्तू स्वतः हातात घ्यायलाच हवी. डायल किती घट्ट आहे, पकड सोडावी लागते का, हे कुठल्याच कागदावर नसतं. मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी जुने कॅमेरे अजून मिळतात. बंद पडलेला असला तरी डायल फिरतेच.

चौथं, पुराव्याची मर्यादा. वर मी जे मांडलं त्यातून कोणती मांडणी ‘जास्त सोपी’ हे सिद्ध होत नाही. इतिहास सांगतो मांडण्या कधी आणि कोणत्या दबावातून आल्या. कोण किती लवकर, किती कमी चुका करून वापरतो हे बघायला माणसांसमोर कॅमेरा ठेवावा लागेल. एक्स-टी५ आणि एक्स-एच२ ही त्यासाठी चांगली जोडी आहे, सेन्सर तोच असल्याने फोटोच्या दर्जाचा फरक मध्ये येत नाही. मात्र ज्यांचा हात आधीच चाकांवर बसलाय आणि ज्यांनी पहिल्यांदाच कॅमेरा धरलाय, त्यांना एकाच गटात टाकलं तर निष्कर्ष फसेल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, माझ्या प्रबंधात हा भाग नाही.

एक छोटा अभ्यास सुचवतो. मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, गॅसची शेगडी, स्कूटरचा गिअर, काहीही घ्या. तीन रकान्यांचा तक्ता करा: साल, मूल्य कशाने बदलतं, मूल्य कुठं दिसतं. दहा ओळी भरा. दुसरा आणि तिसरा रकाना ज्या ओळीत पहिल्यांदा वेगळे होतात, तिथं थांबा आणि त्या सालाच्या आसपास काय घडत होतं ते शोधायला लागा.